घरच्या घरी

माझ्या दुसऱ्या लग्नाचा विषय पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला तो विजेच्या मीटरचा वाटला होता.

सासऱ्यांकडे गावातले एक निवृत्त हवालदार आले होते. दोघं अंगणात बाजेवर बसलेले आणि मी आत चहा गाळत होते. बाहेरून हवालदारांचा आवाज आला, "घरच्या घरी झालं तं काहीच बंद नाही होत. बाहेर गेलं का मंग कटलं समजा."

आमच्या विहिरीवरच्या मोटारीचं कनेक्शन माझ्या नवऱ्याच्या नावावर होतं. तो गेल्यानंतर ते बदलायचं राहूनच गेलं होतं. तेच चाललं असेल, असं धरून मी कप घेऊन बाहेर आले, तर दोघं एकदम गप्प झाले. सासऱ्यांनी कप घेतला तो माझ्या पायांकडे बघत. मीटरच्या गोष्टीसाठी कोणी असं गप्प होत नाही. आत परत येऊन मी ओट्याला टेकले आणि मग एकेक शब्द पुन्हा जुळवला. घरच्या घरी म्हणजे धाकट्या दिराशी. बंद होणार नाही ते माझं पेन्शन.

माझा नवरा सैन्यात होता. युद्धात नाही गेला तो. ड्युटीवर असताना डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली. पुसदपासून उमरखेडकडे जाताना आत फाटा फुटतो, तिथं आमचं गाव. त्या फाट्यापासून घरापर्यंत त्या दिवशी माणसंच माणसं होती. मुलगी चार वर्षांची होती. एवढ्या लोकांना पाहून तिला वाटलं, कोणाचं तरी लग्न आहे. पुढे काही महिन्यांनी पेन्शन सुरू झालं, माझ्या नावानं. घर शेतीवर चालत होतं, कापूस, सोयाबीन आणि धुऱ्याला, म्हणजे बांधाला, तूर. पण ज्या वर्षी शेतानं दगा दिला त्या वर्षी ते माझ्या नावावरच्या पेन्शनवर चाललं, हेही खरं. त्याबद्दल मला कोणी कधी बोललं नाही आणि मीही बोलले नाही. मी त्या घरातलीच होते.

सैन्यातूनच निवृत्त झालेल्या हवालदारांचं म्हणणं असं होतं की जवानाच्या बायकोनं नवऱ्याच्या सख्ख्या भावाशी पाट लावला तर पेन्शन चालू राहतं. दुसरीकडे लावला तर बंद. "आपण नाही म्हणत, सरकारच म्हणते," असं ते सगळ्यांना सांगायचे. असा नियम एके काळी खरोखर होता हे मला पुढे कळलं. त्यात नंतर बदल होत गेले, हे सांगणारं मात्र गावात कोणी नव्हतं.

दीर माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याच्या मिशा फुटत होत्या. बारावीत गणितात नापास झाला म्हणून त्याच्या भावानं फोनवर त्याला फैलावर घेतलं होतं, आणि मी रोज संध्याकाळी त्याला घेऊन बसले होते. पास झाला तेव्हा पेढ्याचा पहिला तुकडा त्यानं मला दिला आणि पाया पडला. भाऊ गेला त्या दिवसापासून शेताचं सगळं त्याच्या अंगावर आलं. तो कमी बोलायला लागला. ताट मीच वाढायची, कपडे मीच धुवायची, पण आमच्या लग्नाची गोष्ट घरात फिरायला लागली तसं त्यानं जेवायची वेळच बदलली. मी शेतात गेले की तो घरी येऊन स्वतःच्या हातानं वाढून घ्यायचा.

सासूबाईंनी मला सांगितलं ते कापूस वेचताना. आम्ही दोघी एकाच ओळीत होतो. कमरेला ओटी बांधलेली, त्यामुळे वाकून वाकून बोलणं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुह्या कानावर आलंच असंन."

"काय, आत्याबाई?"

"काय म्हणजे. लहान्याचं."

मी बोंडं काढत राहिले.

"तू वाईट नको समजू. तू अजून लहान हायस. एकटं राहणं सोपं नाही, मले समजते. पण तू बाहेर गेली तं पोरगी बी जाईन. एक गेला आमचा. आता तिचं तोंड पाहून जगून राह्यलो आम्ही."

"भाऊजी काय म्हणतात?"

"तो काय म्हणन? पोरगं हाय ते. बापाच्या शब्दाबाहेर हाय का?"

ओळ संपल्यावर त्यांनी माझी ओटी सोडवून कापूस गाठोड्यात ओतला आणि पदरानं माझ्या मानेवरचा घाम पुसला. त्या घाम पुसण्याचा मला राग आला असता तर फार बरं झालं असतं.

माझ्या माहेरी वडील नाहीत. मोठा भाऊ आहे, तो दारव्ह्याकडे राहतो. त्याला कळलं तेव्हा तो तडक आला नाही, भांडला नाही. त्यानं एक स्थळ काढलं. उमरखेडचा माणूस, बायको आजारानं गेलेली, मूल नाही, एका खाजगी कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक. "एकदा बोलून तं पाह्य," भाऊ म्हणाला. मी मुलीच्या दप्तराचं निमित्त काढून पुसदला गेले. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही भेटलो. भाऊ दुसऱ्या टेबलावर पेपर धरून बसला होता.

त्या माणसाला काय बोलावं ते कळत नव्हतं. मग त्यानं बायकोच्या दुखण्याचं सांगायला सुरुवात केली. नागपूरला किती खेपा झाल्या, शेवटी ती कशी फक्त ताक मागायची. मीही सांगितलं. माझा नवरा सुट्टीवर आला की पहिले दोन दिवस नुसता झोपायचा, आणि मला त्याचा कसा राग यायचा. हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या घरात नवऱ्याचं नाव निघालं की सासूबाई रडायच्या, म्हणून त्याचं वाईट सोडाच, त्याचं साधं काही बोलायचीही सोय नव्हती. त्या हॉटेलात, चहावर माशा बसत असताना, मी नवऱ्याबद्दल बोलले आणि हसले. तो माणूसही हसला. मला तो आवडला.

उठताना तो अवघडून म्हणाला, "एक विचारू का? मी नाही विचारत, माझी ताई विचारून राह्यली. ते पेन्शन लग्नानंतर राहते का?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"माझी नोकरी कंत्राटी आहे. तुमच्या मुलीचं शिक्षण पुढं आहे. म्हणून ताई म्हणते."

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. पण परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मला वाटलं, इकडे मी बाहेर जाऊ नये म्हणून पेन्शन मोजताहेत आणि तिकडे मी आत यावी की नाही ते पेन्शन मोजूनच ठरणार आहे. मुलीसाठी घेतलेलं दप्तर मी सगळ्या वाटेत छातीशी धरून बसले होते.

पुसदच्या स्टँडवर कोणी ना कोणी पाहतंच. मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. कोणी ओरडलं नाही. सासऱ्यांनी फक्त एवढं म्हटलं, "सूनबाई, दप्तर आम्ही बी आणून देलं असतं." त्यानंतर मी कुठेही निघाले की सासूबाई चप्पल घालून तयार. दळण आणायला, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत. माझी मुलगी रात्री त्यांच्याचजवळ झोपायची, तशी आता दुपारीही त्यांच्याच मांडीवर दिसायला लागली.

नोव्हेंबर आला. पेन्शन घेणाऱ्याला त्या महिन्यात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. विधवा बाईला आणखी एक लिहून द्यावं लागतं, की मी पुनर्विवाह केलेला नाही. दर वर्षी सासरे मला न्यायचे. त्या वर्षी त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून दिराला पाठवलं. की मुद्दाम पाठवलं, कोण जाणे. मोटारसायकलवर मध्ये पिशवी ठेवून मी बसले.

बँकेत गर्दी होती. खिडकीतल्या माणसाला जरा कमी ऐकू येत असावं, तो सगळ्यांशीच मोठ्यानं बोलत होता. माझा कागद पाहून त्यानं तसंच विचारलं, "लग्न केलं काय दुसरं?"

"नाही."

"मग इथं सही करा. हे कोण सोबत?"

"दीर आहेत."

दीर माझ्या मागेच उभा होता. रांगेतल्या दोघा-तिघांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सही केली. माझ्या नावाचं शेवटचं अक्षर ओळीच्या खाली गेलं.

परत येताना त्यानं नदीच्या पुलाअलीकडे गाडी थांबवली. मला वाटलं पेट्रोल संपलं. तो उतरला, हँडलला धरून उभा राहिला आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "वहिनी, मी घरी हो म्हटलं."

मी पिशवी घेऊन खाली उतरले.

"बाबानं विचारलं तवा आई समोर बसून होती. माझ्या तोंडातून 'नाही' निघालंच नाही. दादा असता तं... दादा असता तं हे झालंच नसतं, मी बी काय बोलून राह्यलो."

"तुम्हाला पाहिजे आहे का हे?"

त्यानं नाही अशी मान हलवली. त्याचे डोळे भरले होते. "तुम्ही मले गणित शिकवलं, वहिनी. मी तुमच्याकडं तसं पाहू शकत नाही. पण मी नाही म्हटलं तं मी पेन्शन घालवलं, पोरीले घालवलं, असं होईन. तुम्ही नाही म्हणा ना. तुम्ही म्हटलं तं कोणी जबरदस्ती नाही करणार."

आजूबाजूच्या शेतात तुरी फुलावर होत्या. एक ट्रक जोरात गेला आणि धूळ आमच्यावर बसली. मला त्याची दया आली आणि तितकाच संतापही आला. बापाला आईसमोर 'नाही' म्हणता येत नव्हतं, म्हणून ते 'नाही' माझ्या पदरात टाकायचं. घरातल्या प्रत्येकानं काहीतरी माझ्या पदरात टाकलं होतं.

"चला," मी म्हणाले. "पोरगी वाट पाहत असेल."

नाही म्हणायच्या आधी मला खरं काय ते पाहायचं होतं. मुलीचे डोळे तपासायचे आहेत असं सांगून मी तिला घेऊन एसटीनं यवतमाळला गेले. डोळे तपासलेही. सासूबाईंना एवढा प्रवास सोसत नाही, म्हणून त्या वेळी त्या आल्या नाहीत. जवानांच्या कुटुंबांची कामं पाहणाऱ्या एका कार्यालयात मी तासभर बाकावर बसले. मग एका बाईंनी बोलावलं. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मुलीला बिस्किट दिलं.

"दिराशीच करायला पाहिजे असं आता काही नाही, ताई," त्या म्हणाल्या. "नियम बदलले. मुलीला तुम्ही सांभाळणार असाल तर दुसरीकडे लग्न करूनही चालू राहू शकतं."

"राहू शकतं की राहतं?"

त्या जराशा हसल्या. "लग्न झालं की कळवायचं. कागद वर जातात, तिथून उत्तर येतं. प्रत्येकीची केस वेगळी असते. मी आत्ता नक्की सांगितलं आणि उद्या काही त्रुटी निघाली तर?"

"मग आधी विचारून लिहून मिळेल का?"

"आधी कसं लिहून देणार? लग्नच झालेलं नाही ना."

त्यांनी ते चांगल्या मनानं सांगितलं. खोटी आशा दाखवली नाही याबद्दल मी आजही त्यांचे आभार मानते. पण बाहेर येऊन रिक्षात बसले तेव्हा मला ते नीट उमगलं. लग्न झाल्याशिवाय उत्तर नाही आणि उत्तर मिळाल्याशिवाय लग्न नाही. मुलगी बिस्किटाचा चुरा माझ्या साडीवर सांडत विचारत होती, "आई, आपण आजीले काय घेऊन जायचं?"

घरी मी काही लपवलं नाही. जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं. डोळ्यांच्या दवाखान्यानंतर मी कुठे गेले, त्या बाई काय म्हणाल्या, नियम आता कसा आहे. मनात कुठेतरी वाटत होतं की गाठ त्या नियमाचीच असेल, तर ती सैल होईल. पेन्शन बंद होत नाही असं कळलं की हे सगळं थांबेल. मी उमरखेडला गेले तरी पेन्शनमधून या घराला देत राहीन, असंही म्हणाले.

सासरे बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तू जाऊ शकते."

आणि त्या रडायला लागल्या. पेन्शनचा शब्द त्यांच्या तोंडून निघालाच नाही. मुलीला त्यांनी इतकं घट्ट धरलं की ती दुखून ओरडली. तेव्हा मला कळलं की माझ्या वाटेत नियम नव्हता. नियम निदान बदलतो तरी. पोरगा गेलेल्या बाईच्या हातून नात सोडवून कशी न्यायची, याचं उत्तर कोणत्याच कार्यालयात मिळणार नव्हतं.

दोन दिवसांनी हवालदार पुन्हा आले. तारीख काढायची होती. मी अंगणात गेले, पदर खांद्यावर घेतला आणि सासऱ्यांना म्हणाले, "मामाजी, भाऊजींशी मी लग्न करणार नाही. ते मला भावासारखे आहेत. त्यांना दोष देऊ नका. 'नाही' मी म्हणते आहे."

हवालदार म्हणाले, "सूनबाई, विचार कर. तुह्याच भल्याचं हाय."

"झाला विचार करून."

त्यानंतर गहू निघेपर्यंत सासरे माझ्याशी बोललेच नाहीत. पाणी हवं असलं तरी नातीला सांगायचे, "तुह्या मायले म्हण पाणी दे." दीर दुसऱ्या दिवशी माझ्या हातचं जेवला. मान खाली घालून जेवला, पण जेवला.

उमरखेडच्या माणसाचा फोन आला तेव्हा मी त्यालाही खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "मी थांबतो. कागद आला का सांगा."

"कागद लग्नाच्या आधी येत नाही."

मागे त्याच्या बहिणीचा आवाज येत होता, काय म्हणते ते कळत नव्हतं. माझ्या मनात आलं, आत्ता हा म्हणाला की कागद गेला खड्ड्यात, तर मी मुलीला कडेवर घेऊन पहिल्या बसनं निघेन. खरंच निघाले असते का? सासूबाई आतल्या खोलीत मुलीची वेणी घालत होत्या. मला ऐकू येत होतं, त्या तिला मोजून पेड शिकवत होत्या. तो म्हणाला, "मग कसं करायचं?" आणि मी म्हणाले, "तुम्ही थांबू नका." पुढच्या वर्षी त्याचं लग्न झाल्याचं भावाकडून कळलं. मला वाईट वाटलं, ते त्याच्या लग्नाचं नाही. त्या हॉटेलात हसले तशी मी त्यानंतर हसले नव्हते, त्याचं.

दिराचं लग्न झालं. त्याची बायको चांगली आहे, घर तिनं नीट घेतलं. हळदीच्या वेळी मी मागच्या दारात स्वयंपाक्यांच्या हिशेबाला उभी राहिले. तो मुद्दाम मागे आला आणि सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला.

मुलीच्या शाळेसाठी मी पुसदला खोली घ्यायची असं ठरवलं, तेव्हा मला वाटलं होतं की आता तरी मोकळी होईन. सासरे हो म्हणाले. मी भांडी बांधली, शिलाई मशीन टेम्पोत चढवलं. मशीनच्या बाजूला सासूबाईंची ट्रंक ठेवलेली होती. त्या आधीच पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसल्या होत्या, नात मांडीवर. कोणी त्यांना या म्हटलं नव्हतं, आणि नका येऊ असं कोण म्हणणार?

तेव्हापासून आम्ही तिघी त्या दोन खोल्यांत आहोत. मी ब्लाऊज शिवते, दुपारी दोन मुली शिवण शिकायला येतात. कोणी पुरुष माप घेऊन आला, बायकोचा कपडा टाकायला आला, तर सासूबाई दारात खुर्ची ओढून बसतात. त्या मला टोचून बोलत नाहीत. मला ताप आला तर रात्रभर उशाशी असतात. मागच्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यात थेंब माझ्याशिवाय कोणाला घालू दिले नाहीत. माणूस अशा ठिकाणाहून सुटत नाही. भिंत असती तर धडक तरी मारली असती.

मुलगी आता दहावीत आहे. परवा आम्ही तिघी वाल सोलत बसलो होतो. तिच्या वर्गातल्या कोणाच्या तरी आईनं दुसरं लग्न केलं, त्यावरून शाळेत चर्चा झाली असावी. ती एकदम म्हणाली, "आई, तू काहून नाही केलं गं लग्न? पेन्शन बंद होते म्हणून?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या. "तिले करायचंच नव्हतं. तुह्यासाठी राह्यली ती."

हेच उत्तर त्या सगळ्यांना देतात. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, दिराच्या सासरच्यांना. मी दर वेळी ते ऐकून घेतलं आहे, कारण ते ऐकायला चांगलं वाटतं आणि त्यात माझा मान आहे.

"करायचं होतं," मी म्हणाले.

मुलीनं हातातली शेंग खाली ठेवली. सासूबाईंचे हात थांबले नाहीत. त्या तशाच सोलत राहिल्या, सालं एका बाजूला, दाणे दुसऱ्या बाजूला. परातीतल्या शेंगा संपल्यावर, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "मले माहीत होतं."

मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि वालाची परात घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला पुढचं ऐकायचं होतं. आत नळ सुरू झाला, आणि मला कळेना की ते पाणी वाल धुवायला सोडलं आहे की आम्हाला बोलता यावं म्हणून.